ओटीवरचं वायफाय आगरातल्या खोल्यांपर्यंत नेताना

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि कुटुंबाचं नाव देत नाही. हर्णै, आंजर्ले, केळशी ही पट्टी पाहिलेल्यांना जागेची ठेवण लगेच कळेल. रस्त्याला लागून घर, मागे विहीर, विहिरीपलीकडे नारळ-पोफळींचं आगर आणि आगर संपलं की पुळण, म्हणजे समुद्राची वाळू. जागा रुंदीला बेताची, लांबीला भरपूर.

घर जुनं, चिऱ्यांचं. भिंती दीड फुटाच्या, वर कौलं. माजघरावर माडी, तिला लाकडी तक्तपोशी. मागच्या बाजूला पुढे कधीतरी स्लॅबचं स्वयंपाकघर जोडलेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचं अर्धं छप्पर गेलं आणि आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या. बाग पुन्हा उभी राहायला वर्षं लागणार, तोवर हाताशी काहीतरी हवं म्हणून कुटुंबाने आगराच्या समुद्राकडच्या टोकाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. भिंती चिऱ्यांच्याच, वर पत्रा, पुढे पडवी.

घरात काका, काकू, मुलगा आणि सून. मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम माडीवर बसून करतो. खोल्यांचं बुकिंग, पाहुण्यांचं जेवणखाण आणि पैशांचा हिशोब सूनबाई बघतात. फायबरचं कनेक्शन १०० मेगाबिटचं. त्याचा डबा ओटीवरच्या खिडकीत, कारण रस्त्यावरच्या खांबावरून आलेली तार तिथून आत शिरली. कनेक्शन देणारा माणूस तार जिथे संपते तिथे डबा ठोकतो, आणि घर मग त्या जागेभोवती जुळवून घेतं. बहुतेक घरांत हेच दिसतं.

अडचण

ओटीवर सगळं उत्तम. माजघरात बरं. माडीवर मीटिंग चालू असताना चित्र गोठायचं. आगरातल्या खोल्यांत काहीच नाही. तिथे मोबाइलची रेंजही समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तरच मिळायची. निघताना पैसे देण्यासाठी पाहुणे विहिरीपर्यंत चालत यायचे.

घरातलं नेटवर्क नीट करायला आम्ही जाण्यापूर्वी दोन उपाय करून झाले होते. पहिला रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढे पाठवणारा छोटा डबा. तो माजघरात लावला होता आणि माडीवर त्याच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसायच्या. त्यामुळे मुलाचा समज असा की वायफाय ठीक आहे, दोष कनेक्शनमध्ये आहे. काड्या दाखवतात त्या फक्त रिपीटर आणि लॅपटॉपमधल्या अंतराच्या. रिपीटरला स्वतःला मुख्य डब्याकडून किती मिळतंय, ते त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय अशा स्वस्त रिपीटरमध्ये ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असतो. आलेली प्रत्येक गोष्ट त्याच चॅनलवर पुन्हा पाठवायची, त्यामुळे मिळालेला वेग निम्मा होतो. आणि इथे मुळात मिळत होतं तेच तुटपुंजं.

दुसरा उपाय म्हणजे सहा अँटेनांचा महागडा राऊटर. त्याने ओटीवरचा वेग वाढला, जिथे तक्रार नव्हती. वायफायला दोन टोकं असतात, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. ओटीवरून काकांनी मारलेली हाक आगरात ऐकू जाते, पण आगरात कोणी हळू बोललेलं ओटीवर येत नाही. राऊटरचा आवाज कितीही मोठा केला तरी फोनचा तेवढाच राहतो.

त्या राऊटरने आणखी एक गुंता करून ठेवला होता. तो लावणाऱ्याने जुन्या डब्याची तार त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत, घातली होती. त्यामुळे घरात एकात एक अशी दोन जाळी तयार झाली. अर्धी उपकरणं एका जाळ्यात, अर्धी दुसऱ्यात. प्रिंटर मुलाच्या लॅपटॉपला कधी दिसायचा, कधी नाही. घरच्यांच्या लेखी बिघाड प्रिंटरचा होता.

मोजणी

आधी लॅपटॉप तारेने मुख्य डब्याला जोडला. वेग ९४ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे कनेक्शन निर्दोष. मग फोन हातात धरून घरभर फिरलो. सिग्नल ओटीवर उणे ४५, माजघरात उणे ६६, माडीवर उणे ८० च्या खाली. (आकडे डीबीएममध्ये, शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या पुढे भरवसा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.)

या मोजणीतून एक उपयोगी गोष्ट कळली. माजघरातून माडीवर जाताना तक्तपोशीत सिग्नल त्या मानाने कमी पडत होता. तो सगळ्यात जास्त पडत होता ओटी आणि माजघर यांच्यामधल्या चिऱ्याच्या भिंतीत. म्हणजे माडीला स्वतंत्र उपकरण लागणार नव्हतं. भिंतीच्या आतल्या बाजूला, जिन्याच्या माथ्याशी एक लावलं की माडी आणि माजघर दोन्ही भागणार होते.

हे सगळं मे महिन्यात, भिंती कोरड्या असताना. जांभा सच्छिद्र असतो. पश्चिमेची भिंत जूनपासून पाणी पीत राहते आणि पाणी रेडिओलहरी शोषतं. त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चालणारं वायफाय श्रावणात चालेलच असं धरता येत नाही. किनाऱ्यावरच्या घरात उन्हाळ्यातल्या आकड्यांवर दहा गुणांची तरी सूट ठेवावी, हा आमचा शिरस्ता आहे.

पर्याय

मुलाचा कल मेश संचाकडे होता. तीन डबे आणायचे, घरात ठेवायचे, झालं. पण हे डबे आपसात बोलणार तेही हवेतूनच, त्याच भिंतीतून. माडीपुरतं ते चाललं असतं. आगरातल्या खोल्यांपर्यंत पोचायला मधे विहिरीवर आणि बागेत डबे टांगावे लागले असते.

विजेच्या तारांतूनच डेटा नेणारे अडॅप्टर मिळतात. खोल्यांना स्वतंत्र मीटर असल्याने ते लगेच बाद झाले. डिश अँटेनाची घरातली जुनी तार वापरता येईल का, असं सूनबाईंनी विचारलं. प्रश्न चांगला होता. तशा तारेवर डेटा नेणारी उपकरणं असतात, पण ती ज्या पट्ट्यात चालतात तिथेच डिशचा सिग्नलही असतो. टीव्ही बंद ठेवायची तयारी असेल तरच ते जमतं, आणि काकू त्या खोलीत होत्या.

दोन इमारतींवर समोरासमोर रेडिओ लावायचा पर्याय खर्चाला हलका आणि मोकळ्या जागेत उत्तम. इथे मधे माड आणि पोफळी. ओली पानं सिग्नल गिळतात आणि वाऱ्यात झावळ्या सतत हलतात. झाडांच्या वर जायचं तर उंच लोखंडी खांब हवा. उघड्या किनाऱ्यावर तसा खांब उभा करणं म्हणजे वीज बोलावून घेणं, वर खाऱ्या हवेत त्याला दरवर्षी रंग.

निर्णय सगळ्यात जास्त अडला तो खोल्यांसाठी दुसरं कनेक्शन घेण्यावर. दरमहा थोडे पैसे गेले असते, पण पाहुण्यांचा आणि घराचा संबंध तुटला असता, आणि तो फायदाच होता. तरीही खांब रस्त्यावर असल्याने कंपनीची तार आगरातूनच न्यावी लागणार होती, तीही झाडाझाडांवरून लोंबत. तार न्यायचीच आहे तर आपली आपण नीट नेऊ, असं शेवटी ठरलं.

पहिला निर्णय: घरातली वाट

राऊटर कुठला, अँटेना किती, हे प्रश्न लोक आधी विचारतात. आम्ही आधी तारेची वाट शोधतो. ती सापडली की उपकरणांची जागा आपोआप ठरते.

ओटीतून जिन्याच्या माथ्याशी जाणारी सरळ वाट देवघराच्या भिंतीतून होती. काकांनी मान हलवली. "त्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. बाकी घर तुमचं." वळचणीखालून बाहेरून नेता आली असती, पण तिथे चार महिने पागोळ्या आणि उरलेले आठ महिने ऊन. घरात वापरायच्या तारेचं पांढरं पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं. शेवटी माळ्यावरून गेलो. लांबी वाढली, पण भिंत फोडावी लागली नाही. उंदरांसाठी तार कडक पाइपात घातली आणि विजेच्या तारांपासून हातभर लांब ठेवली. जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली.

तारेचं एक बंडल मुलाने आधीच आणून ठेवलं होतं, खोक्यावर 'कॅट ६' (नेटवर्क तारेचा एक दर्जा) छापलेलं. सुरीने खरवडल्यावर आतून पांढरी धातू निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा विरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि आम्हाला त्याच तारेतून उपकरणाला वीजही पाठवायची होती. खाऱ्या हवेत तिची टोकंही लवकर खराब होतात. बंडल परत गेलं. दुकानदाराने घेतलं, हे नशीब.

दुसरा निर्णय: आगरातून तांबं की काच

घरापासून खोल्या सरळ रेषेत ७५ मीटरच्या आसपास. जमिनीवरची वाट मात्र तशी जात नाही. "खणायचं तर गडग्याकडून खणा. पोफळीच्या मुळांना धक्का लागता नये," काका म्हणाले. गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या कडेने, विहिरीला वळसा घालून, दोन्हीकडे भिंत चढून मोजलं तर ११० मीटर भरले. तांब्याच्या नेटवर्क तारेला एका टप्प्यात १०० मीटरची मर्यादा आहे, दोन्ही टोकांच्या छोट्या जोडतारा धरून.

मधे पंपाच्या खोलीत एक नेटवर्क स्विच (तारा जोडून सिग्नल पुढे पाठवणारा डबा) ठेवून टप्पा तोडता आला असता. आमच्याबरोबरच्या वायरमनचं मत तेच होतं, आणि अंतरापुरतं ते बरोबर होतं. प्रश्न आकाशातल्या विजेचा होता. दोन इमारती, दोन मीटर, दोन अर्थिंग. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो, आणि दोघांना जोडणारी तांब्याची तार त्या फरकाला मोकळी वाट करून देते. सर्ज अरेस्टर लावता येतात, पण ते आलेला धक्का जमिनीत सोडतात. ती जमीन कातळाची आणि मे महिन्यात खडखडीत कोरडी असेल तर अर्थिंग नुसतं नावाला उरतं. आणि इथे विजा कडाडतात त्या नेमक्या वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात.

म्हणून फायबर. काचेतून करंट जात नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. खांबावरून घरात आणण्यासाठी जी काळी चपटी फायबर तार सर्रास मिळते, तिला टांगायला पोलादी तार जोडलेली असते. ती तशीच दोन इमारतींमधे टाकली तर काच घेऊनही धातूची वाट शिल्लक राहते. आम्ही धातूविरहित तार मागवली. त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं आणि मुलगा वैतागला.

टांगायची की पुरायची, यावर फार चर्चा झाली नाही. आगरात वानरांचा कळप रोज येतो आणि वरून झावळ्या पडतात. काळा शेतीचा पाइप गडग्याच्या कडेने दीड फूट खोल पुरला, आत तारेसोबत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली आणि वर जागोजागी चिऱ्यांचे तुकडे अंथरले. पुढे कोणाची कुदळ लागलीच तर आधी त्या तुकड्यांवर लागावी. एकूण खर्चात सगळ्यात मोठा वाटा या चराच्या मजुरीचा होता.

फायबरची एक उणीव लपवण्यासारखी नाही. तिच्यातून वीज पाठवता येत नाही. जिन्यावरच्या उपकरणाला ओटीवरच्या स्विचमधून तारेतूनच वीज मिळते, आणि तो स्विच इन्व्हर्टरवर आहे. लाइट गेली तरी माडीवरची मीटिंग चालू राहते. खोल्यांकडे मात्र फायबरचा सिग्नल तांब्याच्या तारेत आणणारा कन्व्हर्टर आणि उपकरणांसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप वेगळा ठेवावा लागला. तो दोनेक तास टिकतो. कोकणातल्या पावसाळ्यात दोन तास म्हणजे फार काही नव्हे.

जोडणी

दोन जाळी मोडून एक केलं. आयपी पत्ते वाटायचं काम एकट्या मुख्य डब्याकडे. बाकी सगळी उपकरणं ॲक्सेस पॉइंट म्हणून, नुसती तारेवरून आलेलं हवेत सोडणारी. महागड्या राऊटरचीही तीच भूमिका: पत्ते वाटणारी सोय (डीएचसीपी) बंद, तार वॅनमधून काढून घरातल्या जाळ्यासाठीच्या लॅन पोर्टात, मुक्काम ओटीवरच. घरात सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच. २.४ गिगाहर्ट्झवर ओटीला चॅनल १, जिन्याला ६, खोल्यांना ११. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ओटीवरच्या उपकरणाची ताकद मुद्दाम कमी केली, नाहीतर माडीवर गेलेला फोनही ओटीलाच चिकटून राहतो. कुठल्या उपकरणाला धरायचं ते शेवटी फोन ठरवतो, आपण फक्त त्याला सोडायला कारण देऊ शकतो. पाहुण्यांना वेगळं नाव, वेगाला मर्यादा आणि घरातल्या उपकरणांकडे जाणारी वाट बंद.

जिन्याच्या तारेवर एक गोष्ट खटकली. वेगचाचणी ९० च्या वर, सगळे खूश. पण स्विच त्या तारेचा जोड १००० ऐवजी १०० चा दाखवत होता. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे कुठेतरी एक जोडी नीट बसलेली नव्हती. कनेक्शनच १०० चं असल्याने वेगचाचणीत हे कधीच दिसलं नसतं. टोक कापून पुन्हा क्रिंप केलं, जोड १००० वर आला. आज न जाणवणारा सैल जोड खाऱ्या हवेत वर्षभरात हिरवा पडतो, म्हणून स्विचवरचा आकडा बघितल्याशिवाय तिथून उठायचं नसतं.

काय झालं

पावसाळा निर्वेध गेला. गणपतीत मुंबईहून मंडळी आली, घरात वीसेक फोन एकाच वेळी चालले, तक्रार आली नाही. भिंती ओल्या झाल्यावर ओटीचा सिग्नल माजघरात खरोखरच पडला, पण आता तो तिथे कोणाला लागत नव्हता.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात शेजारच्या आगरातल्या माडावर वीज पडली. इथला पंपाचा स्टार्टर जळला. खोल्यांच्या बाजूचा छोटा स्विच आणि पुळणीकडच्या फाटकावरचा कॅमेरा दोन्ही गेले. घराकडचं एकही उपकरण गेलं नाही. ११० मीटरच्या काचेने धक्का पलीकडेच थोपवला होता. पण तो धक्का खोल्यांच्या स्विचपर्यंत आला कसा, तर कॅमेऱ्याच्या तारेतून. ती ३० मीटरची तार तांब्याची होती. कॅमेरा आमचं काम संपल्यावर, पर्यटनाच्या हंगामाआधी घाईने लागला होता. अंतर कमी, म्हणून कोणाला त्यात धोका दिसला नाही. विजेला अंतराशी देणंघेणं नव्हतं. उघड्यावरच्या लोखंडी खांबावर टेकलेलं एक टोक तिला पुरे झालं.

वेगळं काय करता आलं असतं

चर खणतानाच फाटकापर्यंत पाइप नेऊन ठेवायला हवा होता, कॅमेरा लागो न लागो. मजुरी तेव्हा चालू होतीच. तसंच, एका धाग्याऐवजी चार धाग्यांची फायबर घेतली असती तर तारेचा खर्च थोडाच वाढला असता आणि एक धागा तुटला तर दुसऱ्यावर जाता आलं असतं. आता तुटलाच तर पाइपातल्या दोरीने नवी तार ओढणं एवढाच मार्ग आहे.

खोल्यांमधलं उपकरण आधी एका खोलीच्या आत लावलं होतं, कारण तिथे प्लग होता. दुसऱ्या खोलीत ठीक मिळायचं, पडवीत नाही. आणि पाहुणे संध्याकाळी असतात पडवीतच. ते बाहेर पडवीत, दोन्ही दारांच्या मधे आणल्यावर मिटलं. लोक प्रत्यक्षात कुठे बसतात हे सूनबाईंना आधी विचारलं असतं तर ती तार एकदाच ओढावी लागली असती.

दुसऱ्या कनेक्शनचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. रस्त्याच्या कामात कंपनीची फायबर तुटली तेव्हा घर आणि खोल्या एकदमच अंधारात गेल्या, आणि मुलाने ती मीटिंग पुळणीवर जाऊन मोबाइलवरून केली. एका जाळ्याचा हा तोटा आहेच. खोल्या वाढल्या तर ओटीवर दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कनेक्शन आणून दोन्ही वाटा एकाच राऊटरला जोडाव्यात, असं आमचं मत आहे. काकांच्या मते एवढ्यासाठी दुसरं बिल कशाला.

फाटकावर सध्या कॅमेरा नाही. तिथपर्यंतची फायबर आणून ठेवली आहे. चर पोफळींची आळी करून झाल्यावर खणायचा, असं काकांनी सांगितलंय.